रुख्मिणीच्या वाती आणि उकंडरावाचा गोळा

उकंडराव माळ्याला नावावरून चिडवायची कुणाला सोयच नव्हती. त्याच्या आईनं ते काम आधीच उरकून ठेवलं होतं. आधीची तीन लेकरं बाराव्या दिवसाच्या आत गेली, म्हणून चौथं झाल्याबरोबर तिनं ते सुपात घालून उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, नेऊन ठेवलं आणि शेजारणीकडून उचलून आणवलं. हे टाकाऊ आहे, यात नेण्यासारखं काही नाही, असं मृत्यूला वाटावं एवढाच हेतू. मृत्यूला ते पटलं. गावालाही पटेल, हे मात्र त्या माउलीच्या ध्यानात आलं नाही. उकंडराव मोठा झाला, लग्न झालं, दोन लेकी सासरी गेल्या, तरी मंगरूळपीरच्या बाजारात लोक त्याच्याकडे उकिरड्यावरून उचललेल्या मालाकडे पाहावं तसंच पाहत. वांगी मात्र त्याचीच घेत.

मळा होता वेशीबाहेर, नाल्याच्या काठाला. दीड एकर. वांगी, मेथी, मिरची, आणि बांधावर पपईची सात झाडं. दिवाळीपासून होळीपर्यंत तो गावाबाहेरच्या जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, तेल घालायला जाई. इंजिनाला तेल, सरकी काढणाऱ्या रेच्यांना तेल, चाकांना तेल. घरी आला की अंगाला इतका वास येई की शेजारची सुंदरबाई म्हणे, याला पिळला तर महिनाभराची फोडणी निघेल. सुंदरबाईबद्दल पुढे बोलायचंच आहे. तिला वगळून त्या गल्लीत काही घडत नसे.

रुख्मिणी त्याची बायको, केनवडची लेक. बोलायला थोडी, कामाला वाघीण. रागावली की बोलत नसे, फक्त वरणात मीठ घालत नसे, आणि उकंडरावाला घासागणिक आपला गुन्हा आठवून पाहावा लागे. तिच्या हाताला एक गुण होता, तो वातीचा. बोटाला चिमूटभर राख लावायची, सरकी काढलेल्या कापसाचा पुंजका घ्यायचा आणि तळहातावर असा पीळ द्यायचा, की वात सुईच्या नाकातून जावी इतकी बारीक उतरायची. गल्लीतल्या बायका सणावाराला तिच्याकडून वाती मागून नेत, आणि नेल्यावर म्हणत की बाईला दुसरं येतं तरी काय.

आता जिनात बिजली होती, हे सांगायला पाहिजे. साऱ्या मंगरूळपिरात त्या काळी कुठं बिजली नव्हती. मोठमोठ्या साहेबांच्या टेबलावर कंदील, आणि जिनात सरकी निवडणाऱ्या मजूर बायांच्या डोक्यावर विजेचे सोळा गोळे. यात मालकाचा काही मोठेपणा नव्हता. जिनात रुईचे तंतू हवेत उडत असतात, तिथं कंदिलाची एक ठिणगी म्हणजे सगळ्या गंजीची होळी. म्हणून बिडी बंद, कंदील बंद, आणि इंजिनाच्या पट्ट्यावर एक लहानसा डायनामो बसवलेला. संध्याकाळी गोळे लागले की बाया हातातलं काम ठेवून त्यांना नमस्कार करत आणि पुन्हा निवडायला बसत.

एकोणीसशे तीसच्या माघात इंजिनामागच्या कोपऱ्यातला गोळा गेला. नवा मुंबईहून अकोल्याला यायचा, अकोल्याहून मोटारीनं. मालक म्हणाले, पुढच्या खेपेला मागवू. तिसऱ्या दिवशी उकंडराव त्या अंधाऱ्या कोपऱ्यात तेलाची बुधली घेऊन गेला आणि पट्ट्यानं त्याच्या सदऱ्याची बाही धरली. गोविंदसिंग मिस्त्रीनं इंजिन बंद करीपर्यंत हात दोन जागी मोडला होता आणि डोकं खांबावर आपटलं होतं. आठ दिवस शुद्ध नव्हती. नवव्या दिवशी त्यानं पाणी मागितलं आणि ते कोमट आहे म्हणून कुरकुर केली, तेव्हा माणूस वाचला हे घरच्यांना कळलं.

मधे सहाव्या दिवशी रुख्मिणी नाल्यापलीकडच्या महादेवाला जाऊन आली होती. लक्षवात बोलून आली. एक लाख वाती माझ्या हातानं वळीन, आणि त्रिपुरी पौर्णिमेला तुझ्यापुढे जाळीन. एकही कमी नाही. याला उठव.

देवानं उठवला. तिनं त्याच आषाढीला वळायला सुरुवात केली. शंभर वातींची एक जुडी, लाल दोऱ्यानं बांधलेली. अशा हजार जुड्या पुढच्या वर्षीच्या कार्तिकापर्यंत व्हायच्या होत्या. रोज दोन, कधी तीन. तुरकाठ्यांच्या दोन मोठ्या टोपल्या उंदरांच्या भयानं आढ्याला टांगलेल्या, त्यात जुड्या रचत जायच्या. मोजण्यात तिचा कटाक्ष असा, की मधेच कुणी हाक मारली तर ती ओ देण्याआधी जुडी सोडून पुन्हा एकपासून धरे. तिच्या मनानं हिशेब साधा होता. लाख वाती जळत नाहीत तोवर नवऱ्याचा श्वास उसना. एक जरी कमी पडली तर देणारा परत मागायला मोकळा.

आणि ज्याच्यासाठी हे चाललं होतं, ते गृहस्थ काय करत होते ते आता ऐका.

उकंडरावाचा डावा हात बरा झाला तो विळ्यासारखा वाकडा बरा झाला. पण त्याहून वाकडं झालं ते डोकं. ते त्या गोळ्यावर जाऊन बसलं. तो एक गोळा नव्हता म्हणून हे झालं, आणि आपल्या गावात गोळा मिळत नाही म्हणून तो नव्हता. मग गोळा आपल्या गावात का होत नाही? त्यानं गोविंदसिंगाचा पिच्छा धरला, की आत असतं काय ते सांग.

गोविंदसिंगाचं घराणं बऱ्हाणपुराकडून आलेलं. नागपूरच्या कारखान्यात काम शिकलेला, मिशीला तेल आणि बोलण्याला दुप्पट तेल. गोळ्याची हकिकत तो अशी सांगे, जणू साहेबांना हत्यारं हाच काढून देत होता. पन्नास वर्षांमागे अमेरिकेत एडिसन म्हणून साहेब होता. त्याच्याआधी कितीतरी जणांनी या कामी डोकी फोडली होती. तारेतून बिजली सोडली की तार तापते, लाल होते, उजेड देते आणि जळून जाते. म्हणून ती काचेत कोंडायची आणि काचेतली हवा पंपानं ओढून घ्यायची. हवा नाही तर जळणं नाही, नुसतं तापून उजळणं. एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. अडलं होतं ते आत घालायचं काय, यावर. साहेबानं प्लॅटिनम घालून पाहिलं. गवत, साली, कागद, जे हाताला लागेल ते घालून पाहिलं. एका माणसाच्या दाढीचा केससुद्धा सोडला नाही म्हणतात. अखेर शिवायचा साधा सुती दोरा बंद भांड्यात भाजून कोळसा केला, तो काचेत बसवला, आणि तो साडेतेरा तास उजळत राहिला. इकडं विलायतेत स्वान म्हणून दुसरा साहेब याच नादाला कितीतरी आधीपासून लागलेला. दोन्हीकडच्या लोकांत आधी कोण यावरून बरंच वाजलं, वकीलही पोसले गेले, आणि शेवटी दोघांनी विलायतेत मिळून एकच दुकान काढलं. पुढे दोऱ्याच्या जागी जपानी बांबूची काडी आली आणि आता धातूची तार असते.

यातलं पंप, काच, प्लॅटिनम आणि बांबू उकंडरावानं एका कानानं ऐकलं. दुसऱ्या कानात एकच शब्द अडकून बसला. सूत. म्हणजे कापूस.

घरात दिवा म्हणजे काय असतो? पणती मातीची, फुटली तर दुसरी. तेल मिळेल ते. दिव्याचा जीव वातीत. मग काचेच्या दिव्याचं वेगळं कशाला असेल? त्या साहेबाला बिचाऱ्याला बाजारातला दोरा मिळाला, तर साडेतेरा तास. केनवडच्या लेकीनं वळलेली वात मिळती तर सबंध हंगाम निघाला असता. बाकी काच आणि हवा या किरकोळ गोष्टी. सगळ्या वऱ्हाडात जन्मल्यापासून कापसाशी लग्न लागलेल्या माणसांत हे एवढं सोपं कुणाला सुचलं नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

वात मागावी तर रुख्मिणीला देवाशिवाय दुसऱ्या वाती वळायला फुरसत नव्हती. घरातल्या पणतीला दुकानची जाड वात लागत होती. राहिल्या टोपल्या. मग श्रावणातल्या एका दुपारी, रुख्मिणी मेथी खुडायला गेली असताना, उकंडरावानं स्टूल लावलं. इथं त्याच्या शहाणपणाचं कौतुक करावं लागतं. सबंध जुडी उचलली तर जागा रिकामी दिसेल, म्हणून त्यानं या जुडीतून दोन काढल्या, त्या जुडीतून तीन, पलीकडच्या एकीतून चार. लाल दोरे होते तसे नीट बसवले. बाहेरून पाहणाऱ्याला हजारातली एक जुडी वेगळी ओळखू येऊ नये. ओळखू आली नाही, हेच पुढे नडलं.

गोविंदसिंगाला जेव्हा कळलं की वाती कुठून येतात, तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. उकंडराव म्हणाला, "मायाच जिवासाठी वळून राह्यली ना थे? मंग मायाच जिवातल्या दोन-चार म्या घेतल्या, त कोनाचं काय गेलं?"

"ये बात भाभी के सामने बोलके दिखा," गोविंदसिंग म्हणाला.

ती हिंमत उकंडरावात नव्हती. तो पुढच्या कामाला लागला. वाती मातीच्या बोळक्यात ठेवायच्या, झाकणाच्या फटी शेणमातीनं लिंपायच्या आणि बोळकं गोवऱ्यांच्या विस्तवात दिवसभर ठेवायचं. उघडलं की आत वाती असत, कावळ्याच्या पिसासारख्या काळ्या, आणि समाधानाचा श्वास टाकला की त्या श्वासानं मोडत. वीस भाजल्या तर एक धड निघे. ती तांब्याच्या दोन तारांच्या टोकांत अडकवताना मोडे. मग पुन्हा स्टूल.

काचेला त्यानं दवाखान्यातून आणलेली औषधाची रुंद तोंडाची बाटली घेतली. मोडलेल्या हाताचं औषध तिच्यातच आलं होतं. तोंड मेणानं बंद, त्यातून दोन तारा आत, आणि हवा ओढायला पपईच्या पानाचा पोकळ देठ. पंप म्हणजे स्वतः उकंडराव. बांधावर उकिडवं बसून, गाल आत घालून, डोळे बाहेर काढून तो बाटलीतली हवा ओढी आणि चटकन देठ वाकवून मेणात दाबून टाकी. पपईचा चीक ओठाला लागतो, हे माळी असून त्याला आठवलं नाही. ओठ सुजले, मिशीखाली दोन भजी तळून ठेवल्यासारखे. सुंदरबाईनं ताबडतोब दोन बातम्या सोडल्या. खालच्या आळीत सांगितलं की तो मधाचं पोळं काढायला गेला होता. वरच्या आळीत सांगितलं की रुख्मिणीनं एकदाचं लाटणं उचललं. वरच्या आळीतली बातमी जास्त चालली.

रुख्मिणीनं ओठांना तूप लावलं आणि काही विचारलं नाही. तिची नऊशे सत्तरावी जुडी चालू होती.

कोजागिरीला हजारावी झाली. सोळा महिने. गल्लीतल्या बाया पाहायला आल्या. अंगणात घोंगडी अंथरून तिनं दोन्ही टोपल्या खाली उतरवल्या. बायांनी तोंडं भरून कौतुक केलं, आणि कौतुक संपलं तशी सुंदरबाईला करमेना. तिनं सहज हाताला चाळा म्हणून एक जुडी उचलली, दोरा सैल केला आणि मोजायला लागली. शहाण्णव भरल्या. मग तिनं दुसरी सोडली. ती शंभर. तिसरी सत्त्याण्णव.

"काय व रुख्मिणी," ती गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या केनवडात शंभर असेच मोजतेत का?"

हशा झाला. रुख्मिणीनं पहिली जुडी तिच्यापुढून उचलली आणि स्वतः मोजली. शहाण्णव. दुसरी एक घेतली. अठ्ठ्याण्णव. बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. धुरपताबाई म्हणून एक वयस्क बाई होती, तिनं आयुष्यात दोन लक्षवाती पुऱ्या केलेल्या, म्हणून तिचा शब्द मोठा. ती म्हणाली, उंदीर वात नेत नाही बाई, आणि नेली तर दोरा बांधून जात नाही. देवाला दिलेला शब्द आहे, नीट पाहून घे. एवढं बोलून सगळ्या दूध पिऊन गेल्या. सकाळच्या आत मंगरूळपीरच्या दोन्ही टोकांना कळलं, की रुख्मिणीनं देवाला मापात मारलं.

उकंडराव हे सगळं बैलाच्या गोठ्याच्या दारातून पाहत होता. त्याच्या मनात आलं की आत्ताच सांगावं. पण चार दिवसांनी गोविंदसिंग हंगामाआधी इंजिन चालवून पाहणार होता आणि डायनामो फिरणार होता. बोळक्यातून निघालेली, तारांत अडकलेली, बाटलीत बंद झालेली, न मोडलेली अशी एकच वात त्याच्याजवळ होती. सांगितलं की ती गेली. तो गप्प राहिला, आणि माणसानं आयुष्यात किती वेळा लाज बाळगावी याची मोजदाद असती तर हे चार दिवस त्यात सर्वात वर गेले असते. कारण रुख्मिणीला त्याचा संशयच आला नाही. तिला वाटलं आपलीच नजर गेली. आपलंच मोजणं चुकत आलं, पहिल्या दिवसापासून, आणि सोळा महिने देवाला खोटं घालत आलो. ती जेवेना. मेथीच्या जुड्या बांधताना एकदा तिनं हातातली काडी डोळ्यांसमोर धरली, लांब नेली, जवळ आणली. त्यानं ते पाहिलं आणि मान वळवली.

रात्री त्याला साधी शिंक आली तरी ती उठून बसे आणि त्याच्या छातीवर हात ठेवून पाही.

चौथ्या दिवशी दुपारी जिनात इंजिन फिरलं. गोविंदसिंगानं थट्टा केली नाही, हे त्याचं थोरपण. उलट वातीला एकदम झटका बसू नये म्हणून त्यानं तारेच्या वाटेत आधी एक चांगला गोळा जोडून दिला. बाटली खोक्यावर ठेवली, दारं लावून घेतली. मग खटका दाबला. काळी वात आधी तशीच राहिली. मग मधून लाल झाली, लालाची पिवळी झाली, आणि बाटली उजळली. उकंडरावाला बाटलीवरचं दवाखान्याचं लेबल उलट्या बाजूनं वाचण्याइतकं स्वच्छ दिसलं, त्याला वाचता येत असतं तर. दुसऱ्या क्षणी वात संपली होती आणि बाटलीत राखेचा एक तंतू तरंगत होता.

"हवा रह गयी," गोविंदसिंग म्हणाला. मग राख निरखत म्हणाला, "लेकिन लागली गा. लागली."

उकंडराव घरी आला तो सरळ चुलीपाशी जाऊन बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. स्टूल, बोळकं, पपई, बाटली. सुजलेले ओठ आता उतरले होते, तरी शब्द धड फुटत नव्हते. रुख्मिणी भाकरी थापत होती. भाकरी थापायची थांबली नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "किती घेतल्या?"

"मालूम नाही."

"कोनत्या जुडीतून?"

"थेही ध्यानात नाही. दोनशे असतीन. अडीचशे. मोजल्या नाहीत म्या."

तेव्हा तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि त्याच्याकडे पाहिलं. "म्या एकेक मोजली," ती म्हणाली, "अन् तुमी मोजल्या नाहीत."

आपली नजर शाबूत आहे हे कळून तिला किती बरं वाटलं असेल ते तिलाच ठाऊक. पण भय होतं तिथंच होतं. हजारातली कोणती जुडी खोटी हे कळायला मार्ग नव्हता, म्हणजे एकूण एक सोडून पुन्हा मोजणं आलं. त्रिपुरीला सव्वीस दिवस राहिले होते.

दुसऱ्या सकाळपासून अंगणात घोंगडी पडली. रोज चाळीस-पंचेचाळीस जुड्या. पहिले सात दिवस तिनं त्याला वातीला हात लावू दिला नाही. त्यानं दोरे सोडायचे, दोरे बांधायचे, वारा आला की आडवं बसायचं. एवढा थोरला बाप्या उघड्या अंगणात बायकोसमोर दोरे धरून बसलाय, हे पाहायला लोक वाट वाकडी करून दारावरून जायला लागले. कुणी विचारी, उकंडराव, हळदीकुंकू कधी आहे. कुणी म्हणे, आता पुढच्या साली मंगळागौर घाला. सुंदरबाई तर रोज विस्तव मागायला येई, तिच्या घरी दिवाळीच्या दिवसांत चूल विझत नसूनही. तो दोरे सोडत राहिला. मधल्या वेळात आपणही वळावं, भर घालावी, म्हणून त्यानं राख घेऊन दहा-बारा वाती वळल्या. रुख्मिणीनं त्या पाहिल्या आणि बाजूला ठेवल्या. त्या वाती नव्हत्या, परकराचे नाडे होते. तसंही वळायच्या तिनंच होत्या, शब्द तिचा होता.

आठव्या दिवशी तिचे डोळे चुरचुरायला लागले. तिनं पदरानं पुसले, पुन्हा पुसले, आणि टोपली त्याच्याकडे सरकवली. "मोजा," म्हणाली.

त्यानं मोजल्या. ओठ हलवत, वाकड्या हातानं एकेक बाजूला काढत. सुंदरबाई आली, काय काय बोलली, गेली. त्यानं ओ दिली नाही. संध्याकाळी तो गुरांना पाणी पाजायला गेला तेव्हा रुख्मिणीनं त्याच्या दहा जुड्या गुपचूप सोडून पाहिल्या. दहाही बरोबर होत्या. दुसऱ्या दिवशी तिनं टोपली सकाळीच त्याच्यापुढे ठेवली आणि आपण कापूस घेऊन वळायला बसली.

तीनशे बारा कमी भरल्या. मोजणं संपलं तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती. धुरपताबाई येऊन बसली होती. उकंडरावानं तिला त्या भाजलेल्या वातींचं विचारलं, त्या धरता येतील का. ती म्हणाली, नुसती काळी झाली ती करपली. जिनं उजेड दिला ती जळली. देव करपलेलं घेत नाही.

ती गेल्यावर रुख्मिणी वळता वळता म्हणाली, "त्याच्यातली एकबी लागली नाही का?"

"एक लागली," उकंडराव म्हणाला. "पापनी लवाची देर. पन लागली. सारी बाटली भरून उजेड पडला, तुले काय सांगू."

तिचा हात चालू होता.

त्रिपुरीच्या संध्याकाळी महादेवाच्या देवळात दोन लोखंडी कढया मांडल्या होत्या. अर्धं मंगरूळपीर आलं होतं, त्यातलं निम्मं देवाला आणि निम्मं मोजायला. जुडी तुपात बुडवायची आणि रुख्मिणीच्या हातात द्यायची, हे काम उकंडरावाकडे. ती देवाचं नाव घेऊन आगीत सोडी. ज्वाळा गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत उजेड टाकत होत्या. सुंदरबाई सर्वात पुढे बसली होती आणि चारशेच्या आसपास तिला डुलकी लागली.

आदल्या दिवशीपर्यंतची एकूण एक जुडी उकंडरावानं बांधलेली होती. शेवटची तेवढी रुख्मिणीनं स्वतः बांधून पदरात आणली होती. ती हातात येताच, पंधरवड्याची सवय म्हणा, त्याची बोटं आपोआप चालली. वाती कडेनं एकेक सरकवत त्यानं जुडी तुपापर्यंत नेली. नव्व्याण्णव. त्यानं थांबून पुन्हा बोटं फिरवली. नव्व्याण्णव. त्यानं घाबरून तिच्याकडे पाहिलं. लोकांच्या डोळ्यांसमोर तोंड उघडावं की नाही ते त्याला कळेना. रुख्मिणीनं हात पुढे केलेला होता. तिनं जुडी घेतली, देवाचं नाव घेतलं आणि आगीत सोडली. शंख वाजला. धुरपताबाईनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि सुंदरबाई जागी होऊन म्हणाली की ती पहिल्यापासून सांगत होती, रुख्मिणी पक्की बाई आहे.

परत येताना दोघं नाल्यापर्यंत आली. चांदणं पडलं होतं. पाण्यात पाय घालायच्या आधी उकंडराव थांबला.

"शेवटच्या जुडीत नव्व्याण्णव होत्या," तो म्हणाला.

"मले मालूम हाय."

"मंग?"

"एक जळेल हाय ना तिकडं जिनात. देवाच्या नावानं वळेल वात थे. एकदा जळेल वात दुसऱ्यांदा कायले जाळू?"

ज्याचा श्वास पणाला लागला होता, त्याला विचारणं भाग होतं. "पन थे त इंजिनासमोर जळली," तो म्हणाला. "तिथं कोन्ता देव होता?"

रुख्मिणीनं लुगडं वर खोचलं आणि पाण्यात पाय घातला.

"तुमी होते ना समोर," ती म्हणाली. "तुमच्यासाठीच वळेल होती."